तीनशे अकरा मतं आणि मामाचं एक

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

चार वेळा फोन केला, चारही वेळा वाजून वाजून थकला. पाचव्यांदा मामीने उचलला आणि म्हणाली, "तो आंघोळीला गेलाय." दुपारी चारला? मामा, तू रागावला आहेस हे मला कळतंय. तू शब्द टाकून कारखान्याच्या ऑफिसात मला चिकटवलंस आणि मी आठ महिन्यांत ती नोकरी सोडून संगीताच्या मासिकात आले. आईसुद्धा म्हणाली, "मामाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." म्हणून हे पत्र. फोन न उचलणं जमतं, पत्र न उघडता ठेवणं तुला जमणार नाही.

माझं काम काय ते एकदा नीट सांगते. 'श्रोत्यांची मतं' हे पान माझ्याकडे आहे. नवा अल्बम आला की लोक पत्रं, कार्डं, ईमेल पाठवतात, मी ती वाचते, निवडते, छापायला देते. या वेळी एका जपानी रॉक गायकाचा अल्बम आहे. हा माणूस वीस वर्षं हळुवार गाणी गायचा, गिटार अशी की कानात कापूस ठेवल्यासारखं वाटावं. आता एकदम त्याने इंडस्ट्रियल मेटल केलंय. म्हणजे जड गिटार, आरडाओरडा आणि त्यात यंत्रांचे आवाज: घण, साखळ्या, पत्रा कापायची करवत. तीनशे अकरा मतं आली आहेत. एक गृहस्थ लिहितात, "हे संगीत असेल तर आमच्या इमारतीखालचा पत्र्याचं काम करणारा रोज मैफल भरवतो." एका दातांच्या डॉक्टरने दवाखान्यात लावून पाहिला. दोन पेशंट उठून गेले, तिसरा म्हणाला, "राहू द्या, तुमच्या मशीनचा आवाज झाकला जातो." आणि एका बाईंनी लिहिलंय, "वीस वर्षं या माणसाच्या गाण्यांवर मी रडले. आता त्याने मला उचलून आपटलं. तरी सोडवत नाही."

खरी मारामारी आहे ती चौथ्या गाण्यावरून. त्यात एक ठोका आहे, सारखा पडत राहणारा. निम्मे लोक म्हणतात तो पत्रा दाबून आकार देणाऱ्या खऱ्या प्रेस मशीनचा आहे. निम्मे म्हणतात, कॉम्प्युटरवर बनवलाय, लोकांना फसवलंय. आमच्या संपादकबाई म्हणाल्या, "यातलं कळणारा कोणी माणूस ओळखीचा आहे का?" मी म्हटलं, डब्यांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं प्रेस फिटर असलेला सख्खा मामा आहे, आजारी मशीनला नुसता कान लावला तरी कुठे दुखतंय ते सांगतो.

सोबत डिस्क पाठवतेय, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर केलेली कॉपी आहे. शिवाय तीस निवडक मतांच्या झेरॉक्स, तुझ्या करमणुकीसाठी. तुझं मत पंचवीस तारखेच्या आत हवंय. रागावून लिही हवं तर, पण लिही.

तुझी,
भोंगा


१५ फेब्रुवारी

भोंगा,

अनेक आशीर्वाद. मी रागावलेलो नाही. नोकरी तुझी, आयुष्य तुझं. पाळण्यात असताना कारखान्याच्या भोंग्याला लाजवेल असं रडायचीस, तेव्हाच आम्ही ओळखलं होतं की ही आवाजाच्याच धंद्यात जाणार. फोनचं म्हणशील तर मला ते यंत्र पसंत नाही. माणसाचं तोंड दिसत नाही, बोलण्यात काय मजा? पत्र बरं. चष्मा लावला की झालं.

तुझा जपानी ऐकला. मामी दोनदा येऊन "आवाज कमी कर, शेजारी येतील" म्हणाली, पण असली गोष्ट मोठ्यानेच ऐकायची असते.

माझं मत असं की गिटार गंजलेल्या बिजागरीसारखी कुरकुरते, तरी दार उघडतंच. या गाण्यांत राग आहे, पण तो शिस्तीतला राग आहे. आणि चौथं गाणं तर खासच. ठोके खऱ्या प्रेसचेच, यात शंका नको. पस्तीस वर्षं काढलीत, डोळे मिटून सांगतो.

कारखाना ठीक आहे. परवा पेट्या उचलणारा फोर्कलिफ्टवाला उगाचच माझ्या अंगावर ओरडला. हॉर्न न वाजवता गाडी मागे घेतात आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतात. जाऊ दे.

जेवत जा वेळेवर.

तुझा मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी मोठ्या ऐटीत संपादकबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "तुझे मामा सत्तेचाळीस नंबरचं कार्ड आणि एकशे बारा नंबरचं कार्ड छान जोडतात." मला समजेना. मग त्यांनी झेरॉक्स काढून दाखवल्या. गंजलेली बिजागरी सत्तेचाळीस नंबरवाल्याची. शिस्तीतला राग एकशे बारावाल्या बाईंचा. शब्दन् शब्द. मीच पाठवलेली मतं तू मलाच साभार परत केलीस.

तेही मी गिळलं असतं. पण आज दुपारी आमच्या ध्वनिमुद्रकाने विचारलं, "या कॉपीत चौथं गाणं कुठाय?" मी तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठी एकाच वेळी कॉप्या केल्या होत्या. त्याची डिस्क तपासली, आणि दोन्ही कॉप्या जिच्यावरून केल्या ती कॉम्प्युटरवरची फाइलही. चूक माझी. चौथं गाणं उतरलंच नाही. तुझ्या डिस्कवर त्या जागी तीन मिनिटं छप्पन्न सेकंद काहीही नाही, मामा. खरखरसुद्धा नाही. आणि त्या काहीच-नाहीवर तू पस्तीस वर्षांच्या अनुभवाने डोळे मिटून निकाल दिलास!

तू ऐकलंच नाहीस. सरळ लिहायचं होतंस की भोंगा, तुझं काम मला पोरखेळ वाटतं, त्यात वेळ घालवायला मला फुरसत नाही. मी समजून घेतलं असतं. पण तोंडदेखलं कौतुक करून माझी टिंगल का केलीस? हे छापलं असतं तर तीनशे अकरा लोक माझ्यावर तुटून पडले असते. संपादकबाईंनी पान पुढच्या महिन्यावर ढकललंय आणि माझ्याकडे अशा बघतात की जणू मीच खोटं पत्र लिहून आणलं.

लहानपणी तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसून मी जगातलं काहीही विचारायचे आणि तू कधी थाप मारली नाहीस. "माहीत नाही" म्हणायचास. आताच काय झालं?

भोंगा


१ मार्च

माझी भोंगा,

तुझं पत्र काल आलं. तुला राग येईल, पण खरं सांगतो, ते वाचून मी हसलो. स्वयंपाकघरात उभा राहून एकटाच मोठ्याने हसलो. मग खुर्चीवर बसलो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. बरं झालं मामी भाजी आणायला गेली होती.

आता पहिल्यापासून सांगतो. मला ऐकू येत नाही.

तीन वर्षं झाली असतील. आधी उजवा कान, मग डावाही. माणसं माझ्याशी काचेपलीकडून बोलतात असं वाटतं. ओठ बघून अर्धं कळतं, उरलेलं मी हसून साजरं करतो. फोनवर ओठ दिसत नाहीत. म्हणून मी फोन उचलत नाही. तुझ्यावरचा राग कसला, मला रिंगच येत नाही ऐकू.

तुझी डिस्क आली तेव्हा मी खरंच लावली. प्लेअरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि स्पीकरवर तळवा ठेवून बसलो. धडधड कळत होती, हातालाही आणि थोडी कानालाही. लांबून कोणीतरी गादी झोडपतंय तसं. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. मग चौथं लागलं आणि काही नाही. प्लेअरवर आकडे पुढे सरकतायत, आणि हाताला काही नाही, कानाला काही नाही. भोंगा, मला वाटलं, गेलं. उरलंसुरलं होतं तेही या क्षणी गेलं. मी तसाच उठलो आणि प्लेअर बंद केला. पाचवं गाणं लावायची हिंमत झाली नाही. त्यानंतर आठवडाभर मी डोक्यात एकच हिशेब घेऊन फिरत होतो, की आता काय काय ऐकू येत नाही. मग तुझ्या पानाला उशीर नको म्हणून त्या झेरॉक्समधली मला आवडलेली दोन वाक्यं उचलली. चोरीच ती. आणि चौथ्या गाण्यावर तू विचारलं होतंस, तर तिथे कॉलर ताठ करून थाप मारली. माफ कर.

आणि काल तू लिहितेस, त्या जागी काहीच नव्हतं! अगं, मला जे ऐकू आलं नाही ते नव्हतंच! असं रागाचं पत्र मला आजवर कोणी पाठवलं नाही.

एवढं लिहिलंच आहे तर बाकीचंही लिहितो. कारखान्यात आजवर निभावलं ते एका युक्तीवर. बेअरिंग तपासायला आम्ही लोखंडी सळई वापरतो, एक टोक मशीनला, दुसरं कानाला. मी दुसरं टोक दातांत धरतो. तसं केलं की सगळं लख्ख ऐकू येतं, अगदी एक छरा खराब असला तरी. लोकांना वाटतं म्हाताऱ्याची लकब आहे.

पण सळई दातांत धरून माणसांचं बोलणं ऐकता येत नाही. त्या फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न वाजवला होता. तीनदा वाजवला असं नंतर कळलं. मी मागे सरकत होतो, त्याने करकचून ब्रेक मारला आणि वरची झाकणांची पेटी माझ्यापासून हातभर अंतरावर फुटली. कोणाला लागलं नाही. पण मी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवतो तेव्हा माझ्या साथीदाराचे दोन्ही हात प्रेसखाली असतात. उद्या तो "थांब" म्हणाला आणि मला ऐकू आलं नाही तर? हा विचार आला की मला जेवण जात नाही. आणि सांगावं, तर मशीनपासून लांब करतील. मशीनपासून लांब मी कोण?

मामीला सांगू नकोस.

मामा


५ मार्च

मामा,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि जिन्यात जाऊन वाचलं. मी तुला काय काय लिहिलं! तू हसलास म्हणून बरं, नाहीतर मला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं. पण माफीबिफी समोर आल्यावर. आधी काम.

आमच्या ध्वनिमुद्रकाला मी नाव न घेता विचारलं, की एखाद्याला कानाने ऐकू येत नाही पण सळई दातांत धरली की येतं, हे कसं? तो खुर्चीवरून उठलाच. म्हणाला, "त्यांना सांग, लगेच कानाच्या डॉक्टरकडे जा! दातांनी ऐकू येतं म्हणजे हाडातून आवाज आत पोचतोय. आतली तार शाबूत आहे. वाटेत काहीतरी अडलंय." तो डॉक्टर नाही, त्यामुळे मी फार उड्या मारत नाही. पण थोड्या मारल्या.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. सोमवारची वेळ घेतली आहे, डॉक्टरबाई तुमच्याच शहरातल्या आहेत. नाही म्हणायचं नाही. आणि तोवर दोन गोष्टी. हे पत्र मिळताच सुपरवायझरला सांग की तपासणी होईपर्यंत मी डाय बसवणार नाही. कारण त्याला हवं ते दे, पण त्या साथीदाराचे हात, मामा. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला सोडत नाही. दुसरं, मामीला सांग. मी सांगणार नाही, तूच सांग.

मशीनपासून लांब तू कोण, हे विचारतोस? सायकलच्या दांड्यावर बसलेल्या मुलीला "माहीत नाही" म्हणणारा एकुलता एक मोठा माणूस. बाकी शनिवारी.

भोंगा


२२ मार्च

लाडके भोंगे,

तू गाडीत बसलीस आणि इथे घर सुनं झालं. तुझ्या मामाने काय लिहायचं ते लिहिलं असेल, पण अर्धं गाळलं असणार, म्हणून मी लिहितेय.

आधी ते मोठं गुपित. तुझं पत्र आलं त्या दिवशी मला समोर बसवून, घसा साफ करून म्हणतो, "मला तुला काही सांगायचंय." मग म्हणतो, "मला ऐकू येत नाही." मी म्हटलं, "एवढंच ना? चहा घेणार का?" अगं, दोन वर्षं मी त्याच्या डाव्या बाजूला बसून जेवतेय ते काय हवा येते म्हणून? दूधवाला, दार, फोन, सगळं मीच धावत जाऊन बघते. मी वाट बघत होते तो कधी बोलतोय. तो वाट बघत होता मला कधी कळतंय. दोघं शहाणे! पण चूक माझीही आहे. तो सांभाळून आहे असं समजून गप्प बसले, आणि त्या फोर्कलिफ्टचं मला तुझ्यादेखत पहिल्यांदा कळलं.

सुपरवायझरचं ऐक. हा गेला मान खाली घालून, म्हणाला, "साहेब, माझ्या कानांत दोष आहे, मला डायवर ठेवू नका." तो माणूस म्हणाला, "अहो, मग आधी सांगायचं ना! दोन वर्षं मला वाटतंय तुम्ही माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करता. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, फिटर मला काडीची किंमत देत नाही." दोघंही हसले म्हणे. सध्या टूलरूममध्ये बसवलंय. तिथे हत्यारं लावून ठेवतो आणि नव्या लोकांना सळई कशी धरायची ते शिकवतो.

तू गेल्यानंतर डॉक्टरबाईंनी दुसरी तपासणी केली. तुझा ध्वनिमुद्रक बरोबर होता. कानात एक तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते घट्ट बसलंय, हलत नाही. हा लगेच म्हणतो, "बेअरिंग जॅम आहे." बाई म्हणाल्या, "अगदी तसंच. ते काढून तिथे बारीकसा दट्ट्या बसवायचा." याने दट्ट्याचं माप विचारलं! बाईंनी सांगितलंही, मिलिमीटरमध्ये. तिथपासून तो ऑपरेशनला असा तयार झालाय की जणू दुसऱ्याच कोणाचं आहे. कारखान्याच्या आवाजाने आतली तारही थोडी झिजली आहे, ती भरून येणार नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. आणि शंभरात एखाद्याचा कान पूर्ण जातो, हेही. ते ऐकून मी त्याचा हात धरला.

आधी उजवा कान, सात एप्रिलला. तू कामं सोडून येऊ नकोस, मी आहे. देवाला काय सांगायचं ते मी सांगितलंय.

मामी


८ मे

भोंगा,

उशिराबद्दल रागावू नकोस. महिनाभर वाकायचं नाही, शिंकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि मामीने त्यात "लिहायचं नाही" हे आपल्या मनाने घातलं. पहिले दोन दिवस खोली गरगर फिरत होती. आणि जिभेला सतत लोखंडाची चव. डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं, जाईल. मी मामीला म्हटलं, भोंगाचं मेटल संगीत असं असतं बघ, तोंडातून ऐकायचं.

कानातला बोळा काढला त्या दिवशी बाई काही बोलल्याच नाहीत. त्यांनी माझ्या फायलीचं पान उलटलं. भोंगा, कागद वाजतो. मी विसरलो होतो. मी मान वळवून बघितलं, काय फाटलं म्हणून. मागे मामी उभी होती, ती हळूच म्हणाली, "आलं का?" तिचा आवाज माझ्या आठवणीतल्यापेक्षा बारीक आहे, थोडा घोगराही झालाय. तीन वर्षांत तिचंही वय वाढलं ना. मी मान हलवली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सगळं परत आलेलं नाही. चिमण्या अर्ध्याच ऐकू येतात, आणि घोळक्यात अजून गोंधळ उडतो. पण गाडीचा हॉर्न येतो, हाक येते. डाव्या कानाचं पाच-सहा महिन्यांनी बघू म्हणतात.

आता तुझं काम. मामीच्या पत्राला उत्तर देताना तू जी दुसरी डिस्क पाठवलीस ती मी हेडफोन लावून पाच दिवस ऐकली. एका वेळी दोन गाणी, बाईंची परवानगी घेऊन, आवाज बेताचा. हे मत कोणाचंही उचललेलं नाही.

चौथ्या गाण्यातला ठोका खऱ्या प्रेसचा आहे. फ्लायव्हीलवाली, म्हणजे बाजूला मोठं जड चाक असलेली जुनी प्रेस, साठ-सत्तर टनांची असावी. ठोक्याच्या आधी एक बारीक 'टिक' आहे. ती फिरतं चाक प्रेसला जोडणारी क्लचची चावी पकडते त्याची. घरात बसून ठोका बनवणारा माणूस ती टिक घालणार नाही, कारण ती असते हेच त्याला माहीत नसतं. शिवाय त्या क्लचची चावी झिजलेली आहे, कोणीतरी त्यांना सांगायला हवं. पण आता दुसरी बाजू. ठोका खरा असला तरी तो एकच आहे. पहिला आणि साठावा मी मोजून ऐकला, केसाचा फरक नाही. खरी प्रेस दोनदा सारखी आपटत नाही. पत्रा बदलतो, तेल गरम होतं, चालवणाऱ्याचा पाय दमतो. तेव्हा त्यांनी एक खरा ठोका घेतलाय आणि कॉम्प्युटरवर त्याच्या कॉप्या लावल्यात. तुझे निम्मे लोक बरोबर आणि उरलेले निम्मेही बरोबर. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, लोकांना भांडायला आवडतं.

अल्बम आवडला का विचारशील, तर नऊपैकी पाच गाणी मला नकोत. दिवसभर तो आवाज ऐकल्यावर कोण घरी ऐकेल? आणि तो एवढा ओरडतो का तेही मला कळलं नाही. यंत्राशेजारी उभा असलेला माणूस ओरडतो तो रागाने नव्हे, समोरच्याला ऐकू जावं म्हणून. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. पण माझ्या हेही मनात आलं की त्याला माहीत असेल. वीस वर्षं हळू बोलून कोणाला ऐकू जात नसेल तर माणूस काय करील?

शेवटचं गाणं मात्र ठेवून घेतोय. तू धाडलेल्या झेरॉक्समध्ये तिघांनी लिहिलंय की शेवटचं दीड मिनिट रिकामं आहे, जागा वाया घालवली. ते रिकामं नाही. तिथे मशीन बंद केलंय. वीज बंद केली तरी फ्लायव्हील लगेच थांबत नाही, आपल्या वजनाने फिरत राहतं, हळू हळू उतरतं. ते उतरणं आहे ते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप हातमोजे काढायला गेले. आणि चाक पुरतं थांबल्यावर, अगदी शेवटी, लांबून कोणीतरी माणूस तीन-चार शब्द बोलतो. मग लोखंडी दार ओढल्याचा आवाज.

मी ते अकरा वेळा ऐकलं. मामीला हेडफोनची एक बाजू दिली. ती म्हणाली, "काय म्हणतोय तो? जपानी आहे ना?"

जपानी मला कुठलं येतंय. पण पस्तीस वर्षं दर संध्याकाळी कोणी ना कोणी हे वाक्य याच सुरात बोललंय. मी तिला सांगितलं, "तो म्हणतोय, चला, झालं आजचं. सगळे आहेत ना? हं, चला."

छापायचं तर छाप. खाली नाव नको, 'एक प्रेस फिटर' एवढं पुरे.

तुझा मामा